टाकीतलं पाणी

उभा ट्रक मध्येच 'फुस्स' करतो, तो आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. मी कवितेचा माणूस, मला तो सुस्काराच वाटायचा. पुष्कळदा मात्र ट्रक आपल्या पोटातलं पाणी बाहेर टाकत असतो. या पाण्याला इतिहास आहे.

अमेरिकेत पूर्वी मालगाडी थांबवायची तर ब्रेकवाले डब्यांच्या टपांवरून धावत चाकं फिरवत. बर्फात पाय घसरला की माणूस गेलाच. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 साली, बाविसाव्या वर्षी, दाबलेल्या हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात एक उणीव होती. नळी फुटली की ब्रेकच नाहीसा! म्हणून 1872 मध्ये त्याने गणित उलटं केलं: हवा गेली की ब्रेक आपोआप लागावा. आजच्या अवजड ट्रकमध्येही हवा संपली तर दणकट स्प्रिंग चाकं आवळते. 1893 साली अमेरिकेने आगगाड्यांसाठी तसा कायदाही केला. पुढे हा ब्रेक ट्रकवर आला.

गळतीचा बंदोबस्त झाला, ओलाव्याचा काय? वीस अंश सेल्सिअसच्या घनमीटरभर हवेत सुमारे 17 ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. कॉम्प्रेसर ती हवा आठ-नऊ पट दाबतो. दाबताना ती तापते, टाकीत निवते आणि थंड तांब्याला सुटावं तसं पाणी सुटतं. त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळून चिकट गाळ होतो, टाकी आतून गंजते. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात हेच पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं. मग काटा पुरता दाब दाखवतो आणि हवा चाकापर्यंत पोचतच नाही! मला हे फुटक्या नळीपेक्षा भयंकर वाटतं. नळी निदान बोंब तरी मारते.

पूर्वी ड्रायव्हर यावर उपाय म्हणून हवेच्या वाटेत अल्कोहोल सोडत. पुढे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे ड्रायर आले. सोय झाली, आणि टाकीखालचा कॉक विसरायलाही झालं. दाण्यांवर तेल बसलं की ते कुचकामी. ते वेळेवर बदलावेच लागतात.

आपल्याकडे बर्फ नाही म्हणून सुटलो, असं नाही. कोकणातली श्रावणातली हवा आठवा. टाकीत जितकं पाणी, तितकी हवेला जागा कमी. आणि आंबा घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा हीच शिल्लक हवा कामी येते.

अमेरिकन ड्रायव्हरच्या परीक्षेच्या पुस्तकात साधा नियम आहे: हाताने उघडायचा कॉक असेल तर दिवसाचं काम संपलं की प्रत्येक टाकी रिकामी करा. पाच मिनिटांचं काम. गाडी सपाटीवर उभी करायची, चाकाला दगड लावायचा, वाकून कॉक उघडायचा. आधी पाणी येतं, कधी तेलकट, दुधाळ. तेल फार आलं तर कॉम्प्रेसर दाखवून घ्यायचा. ड्रायर असूनही पाणी आलं, तर ड्रायर बघायचा. कोरडी हवा यायला लागली की कॉक बंद.