शिलावर्तुळांची कुळकथा

सौंसरजवळच्या लोधीखेड्याहून सावनेरमार्गे नागपूर गाठावे आणि तिथून काटोल रस्त्याला लागावे. शहर मागे पडते न पडते तोच जुनापाणीचे माळरान येते. काळ्या खडकाचे मोठाले गोटे एकमेकांना भिडवून इथे गोल रचले आहेत. आतली जागा माती-मुरुमाने भरून उंचवटा केलेला. एका वर्तुळाशेजारी दुसरे, त्यापलीकडे तिसरे, अशी ही रांग दूरवर जाते. ही थडगी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात राहणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या माणसांनी ती बांधली.

गावोगावचे लोक ही कामे गवळी राजांची मानत. छिंदवाड्याकडेही देवगडचा किल्ला गोंड राजा जाटबापूर्वी गवळ्यांकडे होता असे सांगतात. म्हणजे जे फार जुने, ते गवळ्यांचे, असा या मुलखाचा हिशेब होता.

वर्तुळांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत एक स्कॉटिश माणूस होता. स्टीफन हिस्लॉप 1817 साली स्कॉटलंडच्या डन्स गावात जन्मले आणि 1845 मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या चालीरीती आणि भाषा टिपल्या, नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेले होते. परतताना संध्याकाळी बोरीजवळच्या नाल्याला पूर आलेला होता. त्यात ते घोड्यावरून वाहून गेले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

पुढे जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीला खणून पाहिले. कापसाचे काम पाहणारा हा सरकारी अधिकारी. त्यांना काही गोट्यांवर उथळ, गोल खळगे रांगेने कोरलेले आढळले. असेच खळगे ब्रिटनमधल्या दगडांवरही होते. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्पसन, क्लोरोफॉर्मची भूल रूढ करणारे, यांनी 1867 मध्ये स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या अशा खुणांवर अख्खे पुस्तक लिहिले होते. दोन्हीकडे वर्तुळ, दोन्हीकडे मृतांची जागा, दोन्हीकडे खळगे. मग दोन्हीकडची माणसे एकाच वंशाची असतील, असा तर्क त्या काळी कुणालाही मोहात पाडणारा होता.

साम्य खरेच चकित करते. स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसजवळ क्लाव्हा येथे दगडांच्या राशींत पुरलेली थडगी आहेत, भोवती उभ्या शिळांचे वर्तुळ आहे, काही शिळांवर खळगेही आहेत. ऑर्कनी बेटांवरच्या ब्रॉडगारच्या वर्तुळाचा व्यास सुमारे 104 मीटर. लुईस बेटावरच्या कॅलॅनिशच्या शिळा साधारण पाच हजार वर्षांच्या. आणि इथेच ते नाते तुटते. कॅलॅनिश उभे राहिले तेव्हा स्कॉटलंडमध्ये धातूच नव्हता. क्लाव्हाची थडगी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, कांस्ययुगातली. जुनापाणी त्यानंतर हजारेक वर्षांनी येते, आणि येते ते लोखंड हाती घेऊन.

ही गोष्ट सिद्ध केली ती आपल्याच संशोधकांच्या कुदळीने. 1961-62 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने जुनापाणीला उत्खनन केले. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी खणले. लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी भांडी, कार्नेलियनचे मणी बाहेर आले. माहुरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले होते, त्यांच्या मस्तकावर तांब्याचे अलंकार होते. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. घोडा, लोखंड, मणी: या समाजाची ओळख या मातीतल्या पुराव्यांवर उभी आहे. तिला परक्या वंशाचा टेकू लागत नाही.

दोन ठिकाणी सारखे दिसले म्हणून एकाने दुसऱ्याकडून घेतले असे होत नाही. आपल्या माणसाला मातीत ठेवल्यावर वर सहज हलणार नाही असे काही ठेवावे, ही ओढ लुईस बेटावरही होती आणि वैनगंगेच्या खोऱ्यातही. दगड हाताशी होता, म्हणून दगड. गोल का, खळगे का, हे मात्र ज्या त्या ठिकाणी, तिथल्याच दगडांना विचारावे लागते. जुनापाणीचे खळगे ठरावीक दिशांच्या गोट्यांवर आहेत का, हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी तपासले, ते याच वाटेचे काम.

स्कॉटलंडला जाण्याचा योग आला तर क्लाव्हा जरूर पाहावे, ऑर्कनीची बोट चुकवू नये. तिथे प्रत्येक शिळेची नोंद आहे, जपणूक आहे. पण जाण्याआधी पांढुर्णा-सौंसरच्या माणसाने जुनापाणीला एक सकाळ द्यावी. मुरुमासाठी खणणारे यंत्र, नवा रस्ता, वाढते शहर यांपुढे ही वर्तुळे विदर्भात ठिकठिकाणी मोडली आहेत. जिथे लोक येतात, विचारतात, मुलांना घेऊन फिरतात, तिथे गोटा उचलायला हात सहजी धजावत नाही. परदेशातल्या शिळा आपल्याला ठाऊक असाव्यात, त्याहून आधी आपल्या गोट्यांची चौकशी आपण करावी.