सेन्सर खोटे बोलत नाही

हल्ली आपल्या मंडळींच्या घरांतून एक नवे खेळणे फिरताना दिसते. पांढऱ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावायची आणि दोन चाकांच्या छोट्या रोबोने त्या पट्टीच्या कडेकडेने चालायचे. घरी जेवणाच्या टेबलावर तो अगदी शहाण्या बाळासारखा चालतो. शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धेला नेला की भलतीकडेच वळतो. मुलाचा चेहरा पडतो आणि आईबाबांपैकी जो कोणी इंजिनिअर असेल तो निकाल देऊन मोकळा होतो, "सेन्सर बिघडलाय, नवा आणू या."

वाचकहो, हा निकाल देण्याआधी थोडे मागे जाऊन पाहू. प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरची कथा सुरू होते तीच मुळी अशा एका 'बिघाडा'पासून.

विलोबी स्मिथ हे समुद्राखालून तारायंत्राच्या केबली टाकणाऱ्या इंग्लिश कंपनीतले विद्युततज्ज्ञ. केबल टाकली जात असताना किनाऱ्यावरच्या ठाण्यातून तिची सतत तपासणी करावी लागे आणि त्यासाठी फार मोठा, पण स्थिर असा विद्युतरोध हवा होता. स्मिथ यांनी सेलेनियमच्या बारीक कांड्या निवडल्या. कांडी ५ ते १० सेंटिमीटर लांब, काचेच्या नळीत बंद केलेली, दोन्ही टोकांना प्लॅटिनमची तार. रोध भरपूर मिळाला, पण तो स्थिर राहीना. एकाचे मोजमाप दुसऱ्याशी जुळेना.

त्यांनी कांड्या टाकून दिल्या नाहीत. सरकत्या झाकणाच्या पेटीत त्या ठेवून पाहिल्या. झाकण बंद असताना रोध सर्वांत जास्त, झाकण सरकवले की लगेच कमी! मग हा परिणाम उष्णतेचा तर नाही ना? ही शंका फेडण्यासाठी कांडी पाण्यात बुडवली, वर सुमारे इंचभर पाणी ठेवले. फरक पडला नाही. पाण्याच्या वर मॅग्नेशियमची फीत जाळली तेव्हा रोध दोन तृतीयांशाहून अधिक उतरला आणि ज्योत विझताच पूर्ववत झाला. ४ फेब्रुवारी १८७३ रोजी त्यांनी हे सारे पत्राने कळवले आणि त्याच महिन्यात ते 'नेचर' नियतकालिकात छापून आले. केबलवाल्यांच्या दृष्टीने जो दोष होता, तोच पुढे यंत्राचा डोळा झाला.

हा डोळा चाकांवर बसायला आणखी चाळीसेक वर्षे लागली. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत जॉन हेज हॅमंड (धाकटे) आणि बेंजामिन मीसनर यांनी एक 'विजेचा कुत्रा' बनवला. त्याला सेलेनियमचे दोन डोळे होते आणि मध्ये नाकासारखी पडदी. ज्या डोळ्यावर उजेड जास्त, त्या बाजूला तो वळे. यातली खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. खोलीत एकंदर उजेड किती, याच्याशी कुत्र्याला फारसे देणेघेणे नव्हते. दोन डोळ्यांतला फरक त्याला पुरे होता.

पुढचे नाव आपल्या ब्रिस्टलचे. तिथल्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये 'एल्मर' आणि 'एल्सी' ही यांत्रिक कासवे तयार केली. पुढच्या चाकाबरोबर फिरणारा एक प्रकाशघट आणि दोन व्हॉल्व्ह, एवढाच मेंदू. सुकाणूची मोटर चालू आहे हे बघणाऱ्याला कळावे म्हणून डोक्यावर एक छोटा दिवा बसवला होता. प्रकाश दिसला की मोटर थांबे आणि दिवाही विझे. एकदा कासव आरशासमोर आले. स्वतःचाच दिवा दिसल्याने मोटर थांबली, दिवा विझला. प्रकाश नाहीसा झाला म्हणून मोटर पुन्हा सुरू, दिवा पुन्हा लागला. कासव आरशापुढे लुकलुकत, डुलत राहिले. सेन्सर चोख होता. फक्त आपल्या दिव्याचा उजेड कोणता आणि परका कोणता, हे त्याला सांगता येत नव्हते.

नेमकी हीच अडचण आपल्या मुलांच्या रोबोची आहे. १९९८ मध्ये आलेल्या लेगो माइंडस्टॉर्म्सच्या प्रकाश-सेन्सरमध्ये लाल दिवा आणि शेजारीच प्रकाश टिपणारा ट्रान्झिस्टर होता. लेगोने २०२२ च्या अखेरीस माइंडस्टॉर्म्स बंद केले, पण मुलांच्या रोबोंत अशी जोडी आजही सर्रास असते. कागदावरून परतणारा स्वतःचा उजेड आणि खिडकीतले ऊन, दोन्हींची मिळून एकच बेरीज तिच्या हाती येते. असे सेन्सर बहुधा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपतात, आणि जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बमध्ये ते भरपूर असतात. शिवाय इथल्या विजेवरचे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे लागोपाठचे दोन आकडेही वेगळे येऊ शकतात.

तेव्हा उपाय इतिहासाच्या क्रमानेच करावेत. स्मिथ यांच्याप्रमाणे आधी झाकून पाहावे: सेन्सरभोवती काळ्या कागदाची नळी लावल्यावर आकडा स्थिरावला, तर दोष बाहेरच्या उजेडाचा. मग कुत्र्याप्रमाणे फरकावर भर द्यावा: स्पर्धेच्या जागीच पांढऱ्यावरचा आणि काळ्यावरचा आकडा घेऊन त्यांचा मध्य धरावा. घरी ५० आणि ३० आले म्हणून ४० धरला असेल आणि हॉलमध्ये ६४ व ४४ येत असतील, तर काळ्यालाही रोबो पांढरेच समजणार. आणि शेवटी कासवाची आठवण ठेवून, सोय असल्यास, स्वतःचा दिवा लावून आणि विझवून असे दोन आकडे घ्यावेत. त्यांची वजाबाकी म्हणजे आपला उजेड.

हे सारे मुलाला स्वतः करू द्यावे. नवा सेन्सर दोन दिवसांत घरी येईल, पण हॉलच्या खिडकीतून ऊन तेच येणार. त्यापेक्षा त्याच्या हाती एक वही द्यावी आणि प्रत्येक आकड्याशेजारी जागा, वेळ आणि दिवे लिहून ठेवायला सांगावे. स्मिथ यांना न जुळणाऱ्या आकड्यांतून जे सापडले, ते अशाच शांत नोंदींतून. स्पर्धेत नंबर येईल न येईल. आकडा पटला नाही की आधी कारण शोधायचे, ही सवय मात्र जन्मभर कामी येईल.