फास्ट उपग्रह

ध्रुवीय प्रकाश निर्माण करणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवेगाचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने सोडलेला कृत्रिम उपग्रह. प्रक्षेपण २१ ऑगस्ट १९९६ रोजी, विमानातून सुटणाऱ्या पेगासस एक्सएल अग्निबाणाने. कक्षा सु. ३५० ते ४,१७५ किमी. उंचीची, विषुववृत्ताशी ८३° कललेली. प्रमुख संशोधक चार्ल्स कार्लसन (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली).

पूर्वपीठिका : इलेक्ट्रॉनांना प्रवेग देणारे, चुंबकीय बलरेषेला समांतर असे विद्युत् क्षेत्र असावे, ही हान्नेस आल्फव्हेन यांची कल्पना बराच काळ अनेकांना मान्य नव्हती. इंजुन-५ या उपग्रहाच्या नोंदींत लुई फ्रँक व केंट अ‍ॅकरसन यांना (१९७१) उपग्रह पुढे सरकताना इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढत जाऊन पुन्हा उतरताना दिसली. आलेखातील आकारावरून तिला ‘उलटा व्ही’ म्हणतात. १९७६ मध्ये सोडलेल्या एस३-३ या उपग्रहाने प्रत्यक्ष प्रवेग-प्रदेशातील (जेथे इलेक्ट्रॉनांना प्रवेग मिळतो तेथील) तीव्र विद्युत् क्षेत्रे व वर जाणारे आयन नोंदवले. व्हायकिंग (१९८६) व फ्रेया (१९९२) हे स्वीडनचे उपग्रह यानंतरचे.

कार्य : ध्रुवीय प्रकाशाचा पातळ पट्टा उपग्रह एखाद्या सेकंदात ओलांडतो. त्यामुळे मोजमापाचा वेग हाच खरा प्रश्न होता. फास्टवरील उपकरणे सेकंदाच्या दशांशाहून कमी वेळात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे व दिशांचे वितरण टिपत आणि प्रकाशपट्ट्यावरून जातानाच दाट नोंदी साठवत. कॅमेरा नव्हता, त्याने काही अडलेही नाही.

ऊर्ध्वगामी विद्युत् प्रवाहाच्या भागात इलेक्ट्रॉन काही हजार व्होल्टच्या विभवांतरातून खाली ढकलले जातात व सु. १०० किमी. उंचीवर वातावरणातील अणु-रेणूंवर आदळून प्रकाश निर्माण करतात, हे चित्र या नोंदींनी पक्के झाले. अधोगामी प्रवाहाच्या भागाचे निष्कर्ष अधिक मोलाचे आहेत. तेथे विद्युत् क्षेत्र उलटे असते : इलेक्ट्रॉन वर अवकाशाकडे फेकले जातात, तर आयन खाली अडून तापतात. ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’च्या १९९८ मधील फास्ट विशेषांकात हे निष्कर्ष एकत्र आले. आल्फव्हेन तरंगांनी (चुंबकीय बलरेषांवरून जाणाऱ्या प्लाझ्मातील तरंगांनी) प्रवेगित झालेले, विस्तृत ऊर्जापल्ल्याचे इलेक्ट्रॉनही आढळले. एकूण प्रकाशात त्यांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. समांतर क्षेत्र कशामुळे टिकून राहते, याबाबत द्विस्तर (विरुद्ध विद्युत् भारांचे लगतचे दोन थर) व चुंबकीय आरसा-परिणाम (बलरेषा दाट होतात तेथून कण मागे फिरणे) या दोन्हींचा आधार घेतला जातो.

रेडिओ उत्सर्जन : ध्रुवीय किलोमीटर-तरंगांचा (ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशातून निघणाऱ्या, सु. किलोमीटर लांबीच्या रेडिओ तरंगांचा) उगम प्रवेग-प्रदेशातील विरळ प्लाझ्मात असल्याचे फास्टच्या नोंदींत दिसले.

मोहीम २००९ मध्ये संपली.