१ सप्टेंबर १९४० चे भाडे

मराठी कथा-नाटकांतील घरमालक बहुधा खाष्ट असतो. तो नळ बंद करतो, जिन्यातला दिवा काढून नेतो आणि पहिल्या तारखेला दारात उभा राहतो. असे मालक मुंबईत होते, यात शंका नाही. तथापि निवृत्तीच्या पैशातून दुमजली घर बांधून, दोन खोल्या स्वतःसाठी ठेवून उरलेल्या भाड्याने देणारा कारकूनही कायद्याच्या लेखी घरमालकच होता. या दुसऱ्या मालकाची कहाणी फारशी कोणी लिहिली नाही.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांच्या मुंबईत माणसे वाढली, पण घरे वाढली नाहीत. तेव्हा १९१८ मध्ये भाड्यांवर पहिला निर्बंध आला व कालांतराने उठला. दुसऱ्या युद्धात तो पुन्हा आला. पुढे फाळणीच्या वर्षी निर्वासितांचे लोंढे शहरात येत असताना १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा संमत झाला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये अंमलात आला. त्यामागचा हेतू निःसंशय न्याय्य होता. बिऱ्हाडकरूला रस्त्यावर काढणे त्या दिवसांत सहज शक्य होते. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सर्वसाधारणपणे 'प्रमाणभूत भाडे' ठरवले. नंतर प्रथमच दिलेल्या जागेस तिचे पहिले भाडे लागू झाले. कायदा तात्पुरता होता. परंतु त्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि युद्धकाळातील एक तारीख अर्धशतकाहून अधिक काळ शहराच्या मानगुटीवर बसून राहिली.

चाळीस रुपये भाड्याची खोली चाळीसचीच राहिली. चुना, विटा, सागवान आणि गवंड्याची मजुरी मात्र कोणत्याही कायद्याला जुमानत नव्हती. महापालिकेचा कर वाढला तर तेवढी वाढ मागता येई, पण गळक्या छपराचा खर्च त्या पावतीत मावत नसे. मुलाचे लग्न ठरले म्हणून स्वतःची खोली परत मागावी, तर लघुवाद न्यायालयात गरज सिद्ध करावी लागे. गरज सिद्ध झाली तरी मालकाचे हाल अधिक की भाडेकरूचे, हे न्यायाधीश तोलून पाहत. त्यानंतर अपील असे आणि पुढे उच्च न्यायालय. भाडेकरू वारला तर हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाई. अशा दाव्यांत सून सासू होऊन जाई, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

पावतीवरच्या भाड्याला अर्थ उरला नाही, तेव्हा पागडी आली. कायद्याने ती गुन्हा ठरवली होती. तरीही जागा सोडणारा, घेणारा आणि मालक असे तिघे मिळून ती वाटून घेत. प्रामाणिक मालकाने ती नाकारली तर त्याच्या हाती केवळ चाळीस रुपये उरत. कायदा पाळणाराच बुडावा, अशी ही रचना होती. १९७३ च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर जागेत असलेल्यांना भाडेकरू ठरवले. त्यानंतर रिकामी खोली कुलपात ठेवणेच अनेकांना सुरक्षित वाटू लागले, हे ओघानेच आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच स्वस्त भाडी नसती, तर गिरगावातील शिक्षक आणि परळचा गिरणी कामगार शहराच्या मध्यभागी टिकले नसते. धोबीतलाव परिसरातील गोंयकारांच्या कुडांत बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशालाही माफक पैशांत पथारी मिळाली नसती. दया योग्यच होती. मात्र तिचा खर्च शासनाने स्वतः न उचलता मालकाच्या खिशातून केला, आणि मालकाने तो इमारतीच्या भिंतींतून वसूल केला.

भिंती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. शहर बेटावरील १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. १९८६ मध्ये आणखी पुढची तरतूद झाली: भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करता येईल. चाळीस रुपयांच्या खोलीचे हे मोल चार हजार रुपये होते!

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे आता वाजवी राहिले नसल्याचे म्हटले. पण कायद्याची मुदत संपत आल्याने तो रद्द केला नाही. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा अंमलात आला. त्याने जुन्या भाड्यात एकवार पाच टक्के आणि पुढे दरसाल चार टक्के वाढ दिली, पागडीला मान्यता दिली आणि करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली. चक्रवाढीने हिशेब केला, तरी चाळीस रुपयांचे २०२५ पर्यंत जेमतेम एकशे बारा झाले.

शंभरपट किमतीच्या तरतुदीविरुद्ध मालकांनी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्या प्रकरणातून प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरते काय, असा घटनात्मक प्रश्न उद्भवला. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने 'नाही' असे उत्तर दिले. दरम्यान बत्तीस वर्षे लोटली होती, आणि ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत तीसहून अधिक माणसांसह ढासळली होती.