माशाच्या पोटातले प्रवाळ

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या शोभेच्या माशांच्या एका दुकानात मागे एक शिक्षक भेटले. शाळेच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचा त्यांचा विचार होता. त्यात दगडाला चिकटलेले थोडे मऊ प्रवाळ, दोन-चार कोलंब्या आणि रंगीत मासे असणार होते. दुकानदाराने एका फुलपाखरू माशाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "बिनधास्त न्या सर, रीफ-सेफ आहे." म्हणजे हा मासा प्रवाळाला तोंड लावत नाही. सरांनी माझ्याकडे पाहिले. मला चटकन होही म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

कोणता मासा प्रवाळ खातो, हा प्रश्न टाक्यांच्या छंदाहून जुना आहे. एप्रिल १८३६ मध्ये 'बीगल' जहाज हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर थांबले होते. तिथल्या खाजणाच्या तळाशी पांढरा चुनखडीचा गाळ होता. तो कुठून येतो, याचे चार्ल्स डार्विनला कुतूहल होते. बेटावरच्या एका रहिवाशाने त्याला सांगितले, की निळ्या-हिरव्या माशांचे थवे गाईगुरांसारखे प्रवाळांच्या शेंड्यांवर चरताना आपण अनेकदा पाहिले आहेत. डार्विनने काही मासे मिळवले आणि त्यांची आतडी उघडली. ती पिवळसर चुनखडीच्या चिखलाने तट्ट फुगलेली होती. हे मासे केवळ प्रवाळांवर जगतात, असे त्याने १८४२ च्या आपल्या प्रवाळबेटांवरील ग्रंथात नोंदवून ठेवले.

हे होते पोपटमासे. डार्विनचे निरीक्षण बिनचूक होते, निष्कर्ष मात्र पुढे बदलावा लागला. बहुतेक पोपटमासे जिवंत प्रवाळ फारसे खात नाहीत. मेलेल्या प्रवाळावर वाढलेले शेवाळ आणि सूक्ष्मजीव ते खरवडतात, आणि त्याबरोबर चुनखडी पोटात जाते. मोठ्या प्रमाणात जिवंत प्रवाळ खाणाऱ्या जाती थोड्याच आहेत. पोटात काय सापडले यावरून मासा काय शोधत होता हे नेहमी कळत नाही. विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हे उदाहरण मला फार आवडते.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८४६ साली, ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. प्रवासात ते आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका स्पंजला टाचले होते! घरी समुद्राचे पाणी नासू नये म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात रोज ओतले जाई. हे काम अर्थातच मोलकरणीकडे. पुढे बाईंनी त्यात सागरी शेवाळ घातले. त्यांना भेडसावणारा प्रश्न माशांचा नव्हता, पाण्याचा होता.

तो प्रश्न पुढे शंभर वर्षे पुरला. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. माझ्या पिढीतल्या कित्येक ठाणेकरांनी समुद्रातला रंगीत मासा प्रथम तिथेच पाहिला असेल. पण त्या काळी घरगुती टाक्यांत प्रवाळ असलेच तर ते बहुधा मेलेले, पांढरे सांगाडे असत. माशांवर परजीवी आले की पाण्यात तांब्याचे क्षार घालत. मासे ते सोसतात, कोलंबी आणि प्रवाळ मरतात. सांगाड्याला कोण चावणार? त्यामुळे 'सुरक्षित मासा' हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. जीवजंतूंनी भरलेले समुद्रातले दगड टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, बस्स. १९८० च्या दशकात बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला फेस काढणाऱ्या यंत्राची आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. कठीण प्रवाळ काचेच्या टाकीत वाढू लागले, आणि मग शेजारी कोण चालेल याची यादी हवीशी झाली.

यादीसाठी माहिती तयार होती, तीही पुन्हा पोटे उघडूनच मिळवलेली. जॉन रँडल यांनी १९६७ साली कॅरिबियन समुद्रातल्या २१२ जातींच्या ५,५२६ माशांच्या पोटातले अन्न तपासून प्रसिद्ध केले. मोठ्या एंजल माशांच्या पोटात मुख्यतः स्पंज निघाले. (गोड्या पाण्यातला आपला एंजल निराळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) अशा कामांतून कुळांचे आहार स्पष्ट झाले. फुलपाखरू माशांच्या काही जाती प्रवाळाच्या पॉलिपांशिवाय जगूच शकत नाहीत, काही समुद्रफुले आणि किडे खातात. क्रोमिस प्लवक टिपतात. सर्जन मासे शेवाळ खातात.

पण ही पोटे भरली होती ती मोकळ्या समुद्रात. तिथे एंजलला मैलभर स्पंज असतात. टाकीत ते संपले, की तो समोरच्या प्रवाळाचा एक घास घेऊन पाहतो. 'सुरक्षित' हा माशाचा रंगासारखा कायमचा गुण नाही. तो भुकेवर आणि जागेवर अवलंबून असतो. उलट बाजूही आहे. मँडरिन मासा प्रवाळाला कधी त्रास देत नाही, म्हणून प्रत्येक यादीत असतो. त्याला हवे असतात दिवसभर टिपायला बारीक कवचधारी जीव. लहान टाकीतले ते पाहता पाहता संपतात, आणि हा देखणा मासा सर्वांदेखत, काही महिन्यांत, उपाशी मरतो. प्रवाळ सुरक्षित राहते, मासा राहत नाही.

आणखी एका प्रवाळाचा विचार यादीत कधीच नसतो. मासा जिथून पकडला, तिथल्या! फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे गुंगवून धरण्यासाठी सायनाइडचे फवारे वापरले गेले. त्यात तिथले प्रवाळ मरतात, आणि मासेही पुष्कळदा काही आठवड्यांतच. आपल्याकडे मालवणला प्रवाळ आहेत. भारतातल्या कठीण प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, त्यामुळे तिथला तुकडाही उचलता येत नाही.

मी सरांना विदूषक मासा सुचवला. तो प्लवक आणि शेवाळ खातो, छोट्या टाकीत रमतो आणि मुख्य म्हणजे बंदिस्त जागेत त्याची पैदास होते. अमेरिकेत मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते साधले. आपल्याकडे खाडीपलीकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात या माशांचे पिल्लूघर उभे राहिले आहे. मादी दगडावर अंडी घालते, नर ती राखतो, आठवड्याभरात पिल्ले फुटतात. अंड्यांत चकाकणारे डोळे साध्या भिंगाने दिसतात, हे ऐकल्यावर सरांनी फुलपाखरू माशाकडे पुन्हा पाहिले नाही. त्यांनी दुकानदाराला विचारले, "विदूषक आहेत का? आणि ते पिल्लूघरातले की समुद्रातले?"

दुकानदार म्हणाला, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं सर. मालकांना विचारून सांगतो."