नाव बदलण्याचा हक्क : तृतीयपंथीयांच्या सरकारी नोंदींची गोष्ट



बचत गटाचं कुठलंही काम निघालं की आपली गाडी पहिल्यांदा नावापाशी अडते. आधारवर ‘सुनीता’, पासबुकात ‘सुनिता’, रेशनकार्डावर माहेरचं आडनाव आणि सातबाऱ्यावर सासरचं. एका वेलांटीपायी कर्जाची फाईल परत येते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

नाव बदलणंही आपल्याला नवं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींचं नाव लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं लिहून बदललं गेलं. ‘हे नाव आवडतं का गं तुला?’ असं सगळ्यांनाच विचारलं गेलं नाही. पण ते नवं नाव गावानं दुसऱ्या दिवसापासून मानलं, कुणी पुरावा मागितला नाही. आता समजा, मुलगा म्हणून वाढवलेली एखादी व्यक्ती म्हणाली, ‘मी बाई आहे, माझं नाव बाईचं लिहा,’ तर? तिच्याकडे मात्र सगळे पुरावा मागतात. आज त्या पुराव्याचा इतिहास बघू.

आपल्याकडे तृतीयपंथी म्हटलं की दुकानापुढं टाळी वाजवणारी, बारशाला जोगवा मागणारी माणसं एवढंच डोळ्यासमोर येतं. पण मराठेशाहीच्या काळात दख्खनमधल्या काही हिजड्यांना गावच्या उत्पन्नात हक्क होता आणि इनाम जमिनीही होत्या. (हिजडा हा शब्द आज शिवीसारखा वापरतात, पण जुन्या कागदांत तो एका समाजाचं नाव म्हणून येतो.) पाटील-कुलकर्ण्यांचं वतन असे, बलुतेदारांचं बलुतं असे, तसाच हा हक्क. तो गुरूकडून चेल्याकडे जायचा. म्हणजे त्यांचं नाव सरकारी दफ्तरात होतं, आणि ते हक्कदार म्हणून होतं. कंपनी सरकार आल्यावर इनामांची तपासणी सुरू झाली. साहेबांना हा हक्क पसंत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो पुढच्या चेल्याकडे जाणं बंद करण्यात आलं.

मग १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. हा कायदा आपल्या भागात पारधी, कैकाडी, रामोशी अशा समाजांनी फार सोसला. विमुक्त जातींच्या मैत्रिणी आजही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात, कारण १९५२ साली त्या दिवशी हा जन्माचा शिक्का पुसला गेला. पण याच कायद्यात दुसरा एक भाग होता, तो हिजड्यांबद्दल. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात तो लागू झाला. ज्यांच्यावर सरकारचा संशय, त्यांची नावं आणि राहण्याच्या जागा एका वहीत लिहायच्या. नाव त्या वहीत गेलं, की रस्त्यात लुगडं नेसून किंवा दागिने घालून फिरणं हा गुन्हा. नाचगाणंही गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, नाहीतर दोन्ही. मूल दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, कुणाला बक्षीसपत्रानं काही देताही येत नसे.

बघा, आधी नाव दफ्तरात होतं ते हक्कासाठी, आता वहीत आलं ते पाळत ठेवण्यासाठी. सरकारी कागदात नाव असणं नेहमीच भल्याचं नसतं. तृतीयपंथी माणसं कचेरीच्या पायरीशी का बिचकतात, याचं एक कारण इथं आहे.

स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पण रकाने दोनच राहिले : स्त्री आणि पुरुष. नाव बदलायची सोय होती. प्रतिज्ञापत्र करायचं आणि राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये छापून आणायचं. लग्नानंतर आपण वापरतो तीच वाट. पण लिंगाचा रकाना तसाच राहिला, तर गॅझेटमधल्या नव्या नावाचा उपयोग किती? कागदावर बाईचं नाव आणि पुढं ‘पुरुष’, की खिडकीपलीकडचा माणूस वर-खाली बघणारच.

२००९ साली निवडणूक आयोगानं मतदार यादीत ‘इतर’ असा रकाना ठेवला. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ची वेगळी मोजणी झाली. देशात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली, त्यातली ४० हजार ८९१ आपल्या महाराष्ट्रातली.

खरं वळण आलं १५ एप्रिल २०१४ ला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सर्वोच्च न्यायालयात खटला घातला होता. गरिबांना फुकट वकील देणारी आपल्या जिल्ह्यातली विधी सेवा कचेरी आहे ना, तिचीच ही दिल्लीची मोठी बहीण. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही त्या खटल्यात सामील झाल्या. न्यायालयानं सांगितलं, की आपण कोण हे ज्यानं-त्यानं स्वतः ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदेशीर आहे. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं बँकांना फॉर्मवर तृतीयपंथीयांसाठी सोय करायला सांगितलं.

मग २०१९ चा कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. २०२० च्या नियमांनी वाट अशी आखली : राहत्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, वैद्यकीय तपासणी नाही, तीस दिवसांत ओळखपत्राचा दाखला. त्या दाखल्यावर जन्मदाखल्यापासून बाकी सगळ्या कागदांवरचं पहिलं नाव बदलून घ्यायचा हक्क. या कायद्यावर खुद्द तृतीयपंथी समाजानं टीकाही केली. आपण कोण हे आपणच ठरवायचं, तर साहेबाच्या दाखल्याची गरज काय, हा त्यांचा प्रश्न होता.

आता आपल्या राज्यातली दोन माणसं बघा. बीड जिल्ह्यात ललिता साळवे पोलीस शिपाई होत्या. २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मिळेना, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढं परवानगी मिळाली, मे २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ललिताचे ललित झाले. लिहायला गेलं तर फक्त एक काना गेला. पण त्या एका कान्यासाठी केवढी वाट चालावी लागली!

दुसऱ्या जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिला राखीव जागेवर त्यांनी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी म्हणून अर्ज बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ ला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी सांगितलं, की त्यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे आणि ती निवडायचा त्यांना हक्क आहे. अर्ज मान्य झाला, आणि गावानं त्यांना निवडूनही दिलं. न्यायालयाच्या कागदात त्यांचं नाव आहे ‘अंजली गुरू संजना जान’. आपल्या नावात मधे नवऱ्याचं नाव, तसं त्यांच्या नावात गुरूचं. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी नोंदीत आता आईचं नावही येतं. म्हणजे मधलं नाव कुणाचं, हेही काही दगडावरची रेघ नव्हे.

हे सगळं आपल्या गटात का सांगायचं? कारण प्रश्न आपल्या दारात येतो. एखादी तृतीयपंथी बहीण गटात यायचं म्हणते. कुणी म्हणतं घेऊ या, कुणी म्हणतं आधी कागद दाखव. कागद लागतील तिथं लागतीलच, बँक ते मागणारच. पण बैठकीत तिला कुठल्या नावानं हाक मारायची, यासाठी जिल्हाधिकाऱ्याच्या शिक्क्याची गरज नाही. ते आपल्या हातात आहे आणि फुकट आहे.

कागदाचं काम असेल तर तिच्याबरोबर एकीनं जावं. आपणही पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हा एकट्या गेलो नव्हतो. कायदे आणि नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वेळी काय लागतं ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावं. कुठं अडवणूक झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. जुने कागद फेकू देऊ नका. शाळेचा दाखला आणि जुनं आधार जपून ठेवायला सांगा, जुनं नाव आणि नवं नाव एकाच माणसाचं हे दाखवायला ते लागतात.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. कुणाला पटणार नाही, तिचंही ऐकून घ्या, पण निर्णय मोकळेपणानं बोलून करा. एकेकाळी त्यांचं नाव हक्काच्या दफ्तरातून काढून संशयाच्या वहीत टाकलं गेलं. आपल्या गटाच्या हजेरीपटावर ते सन्मानानं लिहिता येईल का, एवढंच ठरवायचं आहे.