खर्ड्याचा विजय आणि दोस्तांचा तह

तीन राज्यांनीं एका शत्रूविरुद्ध एकत्र येणें फारसें कठीण नसतें. शत्रूचें बळ मोडल्यावर त्यांनीं एकमेकांशीं कसें वागावें, हें आधीं ठरवून ठेवणें मात्र कठीण असतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणें, हैदराबाद आणि कलकत्ता येथील सत्तांमध्यें झालेल्या दोस्तीची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे. तीच आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाची आहे.

१७९० च्या जूनमध्यें पेशव्यांशीं आणि जुलैमध्यें निजामाशीं इंग्रजांनीं तह केले. उद्देश एकच : टिपू सुलतानास नमविणें. मोहीम दोन वर्षें चालली. परशुरामभाऊ पटवर्धनांनीं धारवाड घेतलें. १७९१ च्या मे महिन्यांत लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापाशीं पोंचला खरा; परंतु दाणावैरण संपल्यामुळें मोठ्या तोफा नष्ट करून त्यास मागें फिरावें लागलें. अशा वेळीं हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठ्यांच्या बाजारांतील धान्यावर इंग्रजांच्या उपाशी पलटणी जगल्या. १७९२ च्या मार्चमध्यें टिपूनें निम्में राज्य व ३ कोटी ३० लक्ष रुपये देऊन तह केला. मुलुखाची वांटणी तिघांत सारखी झाली.

येथवर दोस्ती फळास आली. परंतु या तिघांपैकीं दोघांत एक जुना वाद मुरत होता. दक्षिणेंतील चौथाई-सरदेशमुखीचा मराठ्यांचा हक्क १७१९ च्या बादशाही सनदांपासूनचा, आणि निजामाकडील त्याची बाकी वर्षानुवर्षें तुंबलेली. टिपूविरुद्धच्या तहानें या वादाचा निकाल लावला नव्हता. युद्धानंतर कॉर्नवॉलिसनें तिघांनीं परस्परांच्या मुलुखाची हमी घ्यावी, अशी सूचना केली. निजामास ती हवीच होती. कारण त्याला भय टिपूचें होतें तसेंच पुण्याचेंही होतें. पुणें दरबारानें मात्र ती मानली नाहीं. तशी हमी देणें म्हणजे वसुलीचा मार्ग आपल्याच हातानें बंद करणें होतें.

अखेर ११ मार्च १७९५ रोजीं, हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील खर्डा येथें दोन्ही फौजांची गांठ पडली. निजामानें इंग्रजांची मदत मागितली होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानें तटस्थ राहण्याचें ठरविलें. दोस्ती टिपूविरुद्ध होती. दोन दोस्त आपसांत भांडले तर एकाची बाजू घेणें म्हणजे दुसऱ्याशीं करार मोडणें, अशी त्याची विचारसरणी होती. निजामाचा पराभव झाला. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख, ३ कोटी रुपये आणि स्वतःचा दिवाण मुशीरुल्मुल्क इतकें देऊन त्यानें सुटका करून घेतली.

तहाच्या शब्दांकडे पाहिलें तर शोअरचें चुकलें नव्हतें. परंतु हैदराबादेस त्या शब्दांचा अर्थ निराळा लागला. निजामानें इंग्रजी पलटणी परत पाठविल्या व फ्रेंच सेनापति रेमंड याच्या फौजेवर भिस्त ठेविली. इकडे ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव वारले, गादीचा तंटा माजला, आणि निजामाचा पाठिंबा मिळविण्यासाठीं पुढच्याच वर्षीं नाना फडणविसांना खर्ड्याचा लाभ सोडण्याचें वचन द्यावें लागलें.

या दोघांच्या अविश्वासाचा फायदा तिसऱ्या दोस्तानें घेतला. १७९८ सालीं निजामानें वेलस्लीशीं तैनाती फौजेचा तह केला. १८०० सालीं म्हैसूरकडून मिळालेला मुलूख त्याच फौजेच्या खर्चापायीं इंग्रजांस दिला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस दुसऱ्या बाजीरावानें सही केली, तेव्हां निजामावरील मराठ्यांच्या दाव्यांचा निवाडा इंग्रजांनीं करावा, हेंही त्यास मान्य करावें लागलें.

जो वाद दोघां शेजाऱ्यांनीं समोरासमोर बसून मिटविला नाहीं, तो तिसऱ्याच्या चावडीवर गेला. खर्ड्याच्या विजयापासून वसईच्या सहीपर्यंत पुरतीं आठ वर्षेंही लोटलीं नव्हतीं. शत्रु कोण, हें तहांत लिहिलें होतें. मित्रांमधील तंट्याचा निवाडा कोणी करावा, हें लिहावयाचें राहिलें. तें पुढें इंग्रजांनीं लिहिलें.